विंडोजची डी ड्राइव्ह लिनक्समधून उघडते कशी?

ड्युअल बूट केलेल्या, म्हणजे विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या मशीनवर लिनक्सच्या फाइल मॅनेजरमध्ये विंडोजचं पार्टिशन (डी ड्राइव्हसारखा डिस्कचा वेगळा भाग) आज आपसूक दिसतं. क्लिक केलं की माउंट होतं, म्हणजे वापरायला खुलं होतं, फाइल सेव्हही करता येते. यातलं वाचणं बरंच आधी जमलं होतं. लिहिणं भरवशाचं व्हायला मात्र 2007 साल उजाडलं.

अडचणीचं मूळ 1993 मधलं. त्या वर्षी विंडोज एनटी 3.1 सोबत एनटीएफएस ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, आली. आधीची फॅट साधी आणि सगळ्यांच्या ओळखीची होती. एनटीएफएसची संपूर्ण रचना मात्र मायक्रोसॉफ्टने खुली केली नाही, त्यामुळे बाहेरच्यांना डिस्कवरचे बाइट बघूनच ती ओळखावी लागली.

त्यातला मुख्य भाग म्हणजे मास्टर फाइल टेबल. प्रत्येक फाइलची त्यात नोंद असते, साधारण 1024 बाइटची, आणि ती ‘एफ, आय, एल, ई’ या चार अक्षरांनी सुरू होते. अगदी छोटी फाइल त्या नोंदीतच मावते. मोठी असेल तर डेटा कुठे पडलाय एवढंच तिथे लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला हा माग काढला की पुरतं. लिहिणाऱ्याला मात्र मोकळ्या जागेचा नकाशा, फोल्डरची सूची आणि जर्नल (बदलांची नोंदवही) या सगळ्यांचा मेळ राखावा लागतो. एक जरी चुकलं तरी पार्टिशन गोत्यात.

एनटीएफएस हाताळणारा मार्टिन फॉन लोविस यांचा ड्रायव्हर 1997 च्या अखेरीस कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात आला, पण त्यातून लिहिणं धोक्याचं होतं. 2002 मध्ये अँटन अल्टापार्माकोव्ह यांनी तो नव्याने लिहिला. त्यांनी सावध धोरण ठेवलं: आधी फक्त वाचन, मग असलेल्या फाइलवर तिचा आकार न बदलता लिहिणं. नवी फाइल बनवायची सोय नाही! दरम्यान 2001 च्या विंडोज एक्सपीमुळे एनटीएफएस घरोघरी पोचली होती. मग लोक देवाणघेवाणीसाठी मध्ये एक फॅट32 पार्टिशन ठेवत, पण तिथे 4 जीबीची फाइल बसत नसे. म्हणजे डीव्हीडीची पूर्ण इमेज आली की घोडं अडलंच.

2003 चा ‘कॅप्टिव्ह’ हा प्रकल्प मला यात सगळ्यात मजेशीर वाटतो. यान क्राटोखविल यांनी रचना उलगडत बसण्याऐवजी विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हरच लिनक्समध्ये चालवून दाखवला. संथ होता, पण जुगाड असावा तर असा.

खरी सुटका केली साबोल्च साकाचिच यांच्या ‘एनटीएफएस-3जी’ने. 2005 मध्ये कर्नलमध्ये आलेल्या ‘फ्यूज’ या सोयीमुळे फाइल सिस्टिम कर्नलबाहेर राहून चालवता येऊ लागली होती. त्याच पायावर फेब्रुवारी 2007 मध्ये याची पहिली स्थिर आवृत्ती आली. उबुंटू या लोकप्रिय लिनक्सच्या 7.10 मध्ये ती आयतीच मिळाली. तेव्हा उबुंटूच्या सीडी टपालाने फुकट घरी येत. तसली लाइव्ह सीडी (इन्स्टॉल न करता थेट सीडीवरून चालणारं लिनक्स) घालून बंद पडलेल्या विंडोजमधले फोटो काढणं सोपं होतं, कारण एनटीएफएसच्या परवानग्या पाळायच्या की नाही हे चालू असलेली सिस्टिम ठरवते. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तरच खरी आडकाठी.

2012 च्या विंडोज 8 ने नवं विघ्न आणलं: फास्ट स्टार्टअप. शट डाउन केल्यावरही विंडोज अर्धवट हायबरनेट होते, म्हणजे आपली काही अवस्था डिस्कवर जपून ठेवते, म्हणून लिनक्स ते पार्टिशन फक्त वाचायला देतं किंवा माउंटच करत नाही. ‘माझं पार्टिशन रीड-ओन्ली का?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. विंडोजमध्ये ते सेटिंग बंद करून नीट शट डाउन करावं. 2021 मध्ये पॅरागॉन कंपनीचा ‘एनटीएफएस3’ हा ड्रायव्हर कर्नल 5.15 मध्ये आला, तरी हा नियम कायम आहे.

उलट दिशेने मात्र आजही आनंदच आहे. एक्स्ट4 या लिनक्सच्या फाइल सिस्टिमची बाहेरची डिस्क विंडोजला जोडली, तर ती फॉरमॅट करायची का, असं विचारते. कॅन्सल दाबा.