छर्रा बदलला, म्हणून बंदूक बदलली

थंडी पडू लागली की हिप्परग्याच्या तलावावर आणि उजनीच्या फुगवट्यावर थापट्या, तलवार बदक, चक्रवाक उतरू लागतात. उजनीच्या उथळ पाण्यात पट्टकादंबांचे थवेही दिसतात. हे पक्षी तर हिमालय ओलांडून येतात. सोलापूरकरांना हे पाहुणे दुर्बिणीतून पाहायचे असतात, आणि कायद्यानेही तेवढीच मुभा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीमुळे आपल्याकडची हौसेची शिकार बंद झाली.

थापट्या आणि तलवार बदक अमेरिकेत, युरोपात आणि रशियातही आढळतात. तिथे ठरलेल्या हंगामात, परवाना काढून त्यांची शिकार होते. पाणपक्ष्यांसाठी परवडणारी सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दर बारानंतर नवे काडतूस स्वतःच भरणारी, बंदूक कोणती, हा तिथल्या शिकाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न. दुकानात त्याचे उत्तर किमतीच्या पट्टीवर शोधले जाते. माझ्या मते ते बदकाच्या पोटापासून शोधायला हवे, कारण आजच्या या बंदुकांचे रूप तिथूनच ठरले आहे.

बदकाला दात नसतात. ते बारीक खडे गिळते आणि पेषणी नावाच्या स्नायूमय पिशवीत, जात्यात भरडावे तसे, दाणे भरडते. छर्ऱ्याच्या बंदुकीतून एका बाराला शंभर-दोनशे छर्रे सुटतात. त्यातले बहुतेक पक्ष्याला लागत नाहीत, तळ्यात पडतात. वर्षानुवर्षे शिकार झालेल्या पाणथळीच्या गाळात असे शिसे साठत जाते. बदक ते खडा किंवा बी समजून गिळते. पेषणीत छर्रा घासला जातो, पोटातल्या आम्लात विरघळतो आणि शिसे रक्तात उतरते. रक्तातले हिमोग्लोबिन तयार करायला लागणाऱ्या एका विकराचे काम ते अडवते. मज्जातंतू दुबळे होतात, पेषणी हलेनाशी होते. घशाखालची पिशवी दाण्यांनी भरलेली असताना पक्षी उपाशी मरतो. पंख लोंबतात, उडता येत नाही. अशा आजारी बदकांना खाऊन अमेरिकेतले गरुडही विषबाधेने मरू लागले, तेव्हा तिथे टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचा छर्रा देशभर बंद झाला. डेन्मार्कने १९९६ मध्ये शिशाचे छर्रे सरसकट बंद केले. युरोपीय संघात पाणथळ जागी आणि त्यांच्या आसपास फेब्रुवारी २०२३ पासून बंदी आहे.

शिशाच्या जागी आले पोलाद. त्याचे छर्रे सर्वांत स्वस्त बिनविषारी छर्रे आहेत, पण भौतिकशास्त्र त्याला तेवढी साथ देत नाही. शिशाची घनता घन सेंटिमीटरला ११.३ ग्रॅम, पोलादाची ७.८ च्या आसपास. त्याच आकाराचा पोलादी छर्रा हलका, म्हणून हवेच्या विरोधाने त्याचा वेग लवकर ढळतो आणि दूरच्या पक्ष्यापाशी पोहोचेपर्यंत जोर उरत नाही. असा अर्धवट बार म्हणजे जखमी होऊन निसटणारा पक्षी, आणि हे सर्वांत वाईट. यावर उपाय दोन: छर्रा आकाराच्या साधारण दोन पायऱ्यांनी मोठा घ्यायचा आणि अधिक वेगाने सोडायचा. मोठे छर्रे पुरेशा संख्येने बसवायचे तर काडतूस लांब हवे. बारा बोर या सर्रास वापरल्या जाणाऱ्या नळीच्या मापाची नेहमीची ७० मिलिमीटर लांबीची काडतुसे अपुरी वाटू लागली, ७६ मिलिमीटरची सर्रास झाली आणि १९८८ मध्ये ८९ मिलिमीटरचीही बाजारात आली.

आता हा सगळा जोर खांद्यावर येतो. ३५ ग्रॅम छर्रे सेकंदाला ४४० मीटर वेगाने पुढे गेले, तर ३.२ किलोची बंदूक संवेगाच्या नियमाने सेकंदाला जवळजवळ ५ मीटर वेगाने मागे यायला बघते. दारूच्या वायूचा धक्का त्यावर वेगळा. म्हणून या शिकारीत सेमी-ऑटोमॅटिकला मागणी वाढली. चाप एकदा ओढला की बार एकच सुटतो. रिकामे काडतूस बाहेर फेकणे आणि नवे आत घेणे ही कामे बंदूक स्वतः करते.

ती हे दोन तऱ्हांनी करते. पहिल्या तऱ्हेत नळीला बारीक छिद्रे असतात. बाराच्या वायूचा थोडा भाग त्यांतून येऊन दट्ट्या ढकलतो, दट्ट्या बोल्टला, म्हणजे काडतुसामागच्या सरकत्या तुकड्याला, मागे नेतो आणि स्प्रिंग त्याला परत पुढे आणते. एकूण संवेग तेवढाच राहतो, पण धक्का जास्त वेळात पसरतो आणि खांद्याला सौम्य लागतो. मोल असे, की वायूसोबत काजळी आत येते. पुसायचा कंटाळा केला तर दट्ट्या अडखळतो, आणि थंडीत घट्ट तेल वापरले तर आणखीच.

दुसऱ्या तऱ्हेत वायू आत येतच नाही. धक्क्याने सगळी बंदूक मागे सरकते, पण आतला जड बोल्ट जडत्वामुळे क्षणभर जागेवरच राहतो. मधली ताठ स्प्रिंग दबते, मग सुटते आणि बोल्टला मागे फेकते. हे यंत्र सुटसुटीत, हलके, चिखलपाण्यात टिकणारे. मात्र बंदूक मोकळी मागे सरकायला हवी. नावेच्या काठाला किंवा झाडाच्या बुंध्याला दस्ता टेकवून बार काढला तर बोल्ट पुरता मागे जाणार नाही. शिवाय बंदूक हलकी असल्याने धक्का जास्त बसतो. इटलीच्या बेनेली कंपनीने ही पद्धत रुळवली. आज तुर्कस्तानातल्या कारखान्यांतूनही अशा बंदुका निघतात आणि कमी दामात मिळतात.

माझे मत असे: ७६ मिलिमीटरची काडतुसे घेणारी बंदूक पुरेशी आहे. ८९ मिलिमीटरचे काडतूस मावणाऱ्या बंदुकीचे जादा पैसे बहुतेकांना खांद्याच्या दुखण्याखेरीज फारसे काही देत नाहीत. नियमित पुसणाऱ्याने वायूवर चालणारी घ्यावी, चिखलात राहणाऱ्याने जडत्वावर चालणारी. किती काडतुसे मावतात यावर पैसे मोजण्यात अर्थ नाही, कारण स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत अमेरिकेतला कायदा एकूण तीनच भरू देतो.

स्वस्ताईसाठी जुनी बंदूक घेताना मात्र नळी नीट पाहावी. पोलाद शिशासारखे दबत नाही. नळीच्या तोंडाशी चोक, म्हणजे छर्रे एकत्र ठेवणारा अरुंद भाग, घट्ट असेल तर कठीण छर्रे तिथे दाटतात आणि नळी फुगू शकते, म्हणून पोलादासाठी चोक सैल ठेवतात. युरोपात पोलादी छर्ऱ्यांची चाचणी झालेल्या नळीवर लिलीच्या फुलाची खूण ठोकलेली असते. ही खूण नसेल तर बिस्मथ या धातूचे छर्रे वापरता येतात. ते शिशाइतके विषारी नाहीत, पोलादापेक्षा मऊ आहेत आणि त्यांची घनता ९.८ आहे. पण ते इतके महाग पडतात की एक-दोन हंगामांत बंदुकीत वाचवलेले पैसे काडतुसांवर खर्च होतात.