घरची भाषा मराठी लिहिली म्हणून शाळेला पैसा?

अमेरिकेतल्या मराठी पालकांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा मराठी लिहू नका. शाळा मुलाला ‘इंग्रजी शिकणारा’ ठरवते आणि केंद्र सरकारकडून भरपूर पैसा उकळते, असं त्यामागचं कारण सांगतात.

हा हिशेबच चुकीचा आहे. या मुलांसाठीचा केंद्राचा खास निधी, म्हणजे टायटल थ्री, 2024 साली सुमारे 89 कोटी डॉलर होता. अशी मुलं साधारण 50 लाख. म्हणजे मुलामागे वर्षाला दोनशे डॉलरसुद्धा नाहीत! एका मुलाच्या शिक्षणावर सरासरी खर्च मात्र पंधरा हजारांहून जास्त होतो. शिवाय हा पैसा पूरक असतो. शाळेनं एरवी करायचाच खर्च त्यातून भागवता येत नाही.

मुख्य भार राज्यं आणि स्थानिक कर उचलतात. कॅलिफोर्निया मूळ अनुदानाच्या 20 टक्के जादा देतं, पण मूल गरीबही असेल तरी ते एकदाच मोजलं जातं. आणि पैसा मिळो न मिळो, मदत द्यावीच लागते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यात, लाउ विरुद्ध निकोल्समध्ये, सर्वोच्च न्यायालयानं 1974 सालीच हे ठरवलंय.

मराठी लिहिल्यानं फार तर इंग्रजीची चाचणी होते. मूल त्यात पास झालं, तर विषय संपला. नाही झालं, तरी जादा तासांना नकार द्यायचा हक्क पालकांना आहे. तेव्हा फॉर्मवर खरं तेच लिहा. भाषा लपवली तर गरज असलेल्या मुलाची मदत हुकते.