पायरिया (परिदंतशोथ)

दाताभोवतीची हिरडी, दाताचे मूळ जबड्याशी बांधून ठेवणारे तंतू आणि भोवतालचे हाड यांना होणारा दाहक विकार. त्याआधीची पायरी म्हणजे नुसती हिरडीसूज. ती पूर्ण बरी होते. पायरियात हाड झिजते आणि झिजलेले हाड बहुधा भरून येत नाही. दुखणे फारसे नसल्याने बरेच रुग्ण दात हलायला लागल्यावरच दवाखाना गाठतात.

मूळ कारण दातांवर साचणारा जिवाणूंचा चिकट थर. डेन्मार्कमध्ये हाराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणे थांबवले. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासू लागल्यावर साधारण आठवड्यात पूर्ववत झाल्या. न काढलेला थर लाळेतल्या क्षारांमुळे कडक होऊन त्याचे कीटण बनते. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ते सर्वांत लवकर धरते, कारण लाळग्रंथींची तोंडे तिथेच उघडतात. कीटण ब्रशने निघत नाही.

मऊ ब्रश दात आणि हिरडीच्या सांध्यावर ४५ अंशांत तिरका टेकवून जागच्या जागी हलके हलवावा. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे. रक्त येते म्हणून तेवढी जागा चुकवणे ही नेहमीची चूक. थर तिथेच राहतो, रक्त आणखी येते. दोन दातांमध्ये ब्रश पोहोचत नाही. तिथे रोज एकदा दातांचा दोरा (फ्लॉस) फिरवावा, फट मोठी असेल तर फटीत जाणारा बारीक ब्रश. मिश्रीने हिरड्या घट्ट होतात हा समज चुकीचा आहे: ती भाजलेली तंबाखूच. धूम्रपान करणाऱ्यांत तर रक्त कमी येते, त्यामुळे आतला रोग झाकला जातो.

तपासणीत खुणा केलेली बोथट सळई हिरडीच्या कडेने आत सरकवून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी दात आणि हिरडीमधल्या कप्प्याची खोली मोजतात. १ ते ३ मिलिमीटर ठीक. ४ किंवा अधिक आणि सोबत रक्त, तर एक्स-रेवर हाडाची पातळी पाहतात. उपचार म्हणजे स्केलिंग, म्हणजे दातांवरचे कीटण खरवडून काढणे. खोल कप्प्यांत भूल देऊन मुळाचा पृष्ठभागही साफ करतात. ‘स्केलिंगने दात ढिले होतात’ ही तक्रार सर्रास ऐकू येते. प्रत्यक्षात कीटण निघते, सूज ओसरते आणि आधीच पडलेली फट उघडी दिसते. थंड पाण्याच्या कळा काही दिवस येतात. सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी होते. ६ मिलिमीटर वा त्याहून खोल कप्पे उरले तर हिरडी उघडून शस्त्रक्रियेचा विचार करतात. पुढे रोगाच्या जोरानुसार दर ३ ते ६ महिन्यांनी सफाई लागतेच.

०.२ टक्के क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या गुळण्या (१० मिलिलिटर, एक मिनिट, दिवसातून दोनदा) सहसा दोन आठवड्यांपुरत्याच देतात; लांबवल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात, तोंडाची चव जाते. टूथपेस्टनंतर अर्धा तास थांबून त्या कराव्यात, नाहीतर परिणाम घटतो. नुसत्या प्रतिजैविक गोळ्यांनी थर निघत नाही.

मधुमेह आटोक्यात नसेल तर पायरिया वेगाने वाढतो, आणि पायरियामुळे साखर आवरणे अवघड जाते. अ‍ॅम्लोडिपिन किंवा फेनिटॉइन (पहिले रक्तदाबावरचे, दुसरे अपस्मारावरचे औषध) घेणाऱ्यांच्या हिरड्या कधीकधी फुगून दातांवर चढतात. अशा वेळी गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांकडून बदलता येते का ते विचारावे.