आवाज बंद, चुंबक चालू

एमआरआयच्या खोलीतला ठकठकाट थांबला की बाहेर बाकावर बसलेल्यांना वाटतं, मशीन बंद झालं. थांबतो तो फक्त आवाज. चुंबक रात्री चालू, रविवारी चालू, दिवाळीतही चालू. त्याची निओबियम-टायटॅनियमच्या तारांची गुंडाळी द्रवरूप हेलियममध्ये, उणे 269 अंश सेल्सिअसला बुडवलेली असते. तेवढ्या थंडीत तारेचा विद्युतरोध शून्य होतो आणि एकदा सोडलेला प्रवाह फिरतच राहतो. बटण दाबलं की थांबला, असा तो पंखा नव्हे.

जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णाचा एक तरुण नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन या खोलीत शिरला. सिलिंडरसकट तो मशीनकडे खेचला गेला आणि त्यात त्याचा जीव गेला. तपासणी त्याची नव्हतीच! नेहमीच्या 1.5 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकत्व मोजायचं एकक) मशीनचं चुंबकत्व पृथ्वीच्या सुमारे 30,000 पट असतं. दाराशी ओढ फारशी जाणवत नाही. दोन-चार पावलांत ती इतकी वाढते की हातातली वस्तू आवरत नाही.

तपासणीआधी दागिने काढायला सांगतात, मग बायकांचा रास्त प्रश्न येतो: सोनं कुठे चुंबकाला चिकटतं? नाही चिकटत. चांदीची जोडवीही नाही. पण चित्र काढायला मशीन शरीरात रेडिओलहरी सोडतं आणि त्यांनी धातू तापू शकतो. म्हणून वर्षानुवर्षं न निघालेली जोडवी साबण लावून, हळूहळू फिरवत काढावी लागतात. जरीचा काठही नको. एवढंच काय, पोटावर हात जुळवून झोपलात तरी शरीराचंच एक कडं तयार होतं, त्यातून प्रवाह वाहतो आणि कातडीला कातडी टेकते तिथे भाजू शकतं. तंत्रज्ञ मांड्यांमध्ये घडी केलेली चादर सरकवतो ती याचसाठी.

आत जाण्याआधीचा फॉर्म आपण न वाचताच सही करून मोकळे होतो. पेसमेकर, म्हणजे हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र बसवलेलं असेल तर त्याचं कार्ड दाखवा. काही पेसमेकर ठरावीक अटींवर चालतात, जुने बहुधा नाही. कॉन्ट्रास्टचं, म्हणजे चित्र स्पष्ट दिसावं म्हणून दिलं जाणारं इंजेक्शन असेल तर मूत्रपिंडाचा आजार सांगा. गुडघ्यात बसवलेल्या कृत्रिम सांध्याची बहुतेकांना आठवण असते. लेथवर किंवा वेल्डिंगमध्ये आयुष्य काढलेल्याला मात्र डोळ्यात कधीतरी उडालेला लोखंडाचा कीस आठवत नाही. तो कण चुंबकात हलला तर डोळा जाऊ शकतो. अशी शंका असली की आधी डोळ्याचा साधा एक्स-रे काढतात.