पिढ्यांमधील न्याय : सातारा जिल्हा

घर, जमीन, करभार आणि राहणीमान यांबाबत आधीच्या पिढीने घेतलेला लाभ आणि मागे ठेवलेला भार यांची पुढच्या पिढीशी होणारी वाटणी रास्त आहे की नाही, या विचाराला पिढ्यांमधील न्याय म्हणतात. मोठ्या शहरांत त्याची चर्चा घर असलेले ज्येष्ठ आणि भाड्याने राहणारे तरुण अशा अंगाने होते. सातारा जिल्ह्यात मात्र तो वयाचा कमी आणि वारशाचा अधिक प्रश्न आहे.

मृताच्या संपत्तीवर १९५३ पासून आकारला जाणारा मृत्यूकर १९८५ मध्ये, तर संपत्ती कर २०१५ मध्ये रद्द झाला. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन मुलाला वा नातवाला बक्षीसपत्राने द्यायची तर मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये पडते. ज्याच्या आजोबांचे नाव कोणत्याही सातबाऱ्यावर नव्हते, त्या तरुणाला मात्र साताऱ्यात किंवा कऱ्हाडात सदनिका घेताना हेच शुल्क किमतीच्या टक्केवारीने भरावे लागते. ही तफावत अन्याय्यच म्हटली पाहिजे. वारसा असलेल्या घरातही वाटणी सारखी होत नाही : मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत हक्क देणारी दुरुस्ती राज्याने १९९४ मध्येच केली, तरी बहिणीने भावाला हक्कसोडपत्र लिहून देण्याची रीत टिकून आहे.

निवृत्तिवेतनात सीमारेषा तारखेची आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सेवेत आलेल्यांना शेवटच्या पगारावरून निश्चित निवृत्तिवेतन देणाऱ्या जुन्या योजनेऐवजी, कर्मचारी आणि सरकार यांनी जमा केलेल्या रकमेवर अवलंबून असलेली अंशदान योजना लागू झाली, आणि एकाच शाळेतील दोन शिक्षकांचे म्हातारपण रुजू होण्याच्या दिवसावरून वेगळे ठरले. मार्च २०२३ च्या राज्यव्यापी संपाचे मूळ यातच होते.

जिल्ह्यातील सर्वांत जुने येणे कोयनेचे आहे. १९६४ मध्ये पूर्ण झालेल्या धरणाच्या शिवसागर जलाशयात पाटण, जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांतील गावे गेली, आणि त्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या १,९६० मेगावॉटच्या विजेवर राज्यातील पुढच्या पिढ्यांचे उद्योग आणि घरे चालली. ज्यांची गावे गेली त्यांच्यासाठी तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो १९७६ मध्ये आला. काही कुटुंबे रायगड, ठाणे, सोलापूर, सांगली अशा जिल्ह्यांत पांगली, तर काही जलाशयाच्या वरच्या उतारांवर सरकली. १९८५ मध्ये तेथे कोयना अभयारण्य झाल्यावर त्यांच्या वहिवाटीवरही निर्बंध आले. धरणग्रस्तांसाठी लढणाऱ्या श्रमिक मुक्ती दल या संघटनेच्या पुढाकाराने कोयनानगरला झालेल्या आंदोलनांत बसलेल्यांपैकी अनेकांचा जन्म धरणानंतरचा होता. एका मूळ खातेदाराची आज अनेक कुटुंबे झाली असली तरी देय जमीन त्या एका खात्याच्या हिशेबानेच ठरते, आणि ती मागणाऱ्या नातवाला आधी बुडालेल्या गावातील खातेदाराचा आपण वारस आहोत हे कागदोपत्री सिद्ध करावे लागते.