अभयारण्य की राष्ट्रीय उद्यान? गुरांवरून ओळखा

कर्नाळा आणि फणसाड ही अभयारण्ये कोकणातल्या वाचकाच्या पायाखालची असल्याने अभयारण्य म्हणजे काय हे इथे सांगत बसत नाही. वैताग येतो तो चांदोली राष्ट्रीय उद्यानालाही सरसकट ‘अभयारण्य’ म्हटले जाते तेव्हा, आणि त्यावर कोणी ‘उद्यान केंद्राचे, अभयारण्य राज्याचे’ असे ठसक्यात समजावू लागले की अधिकच. दोन्हींची अधिसूचना सहसा राज्य सरकारच काढते. आकाराचे म्हणाल, तर कोयना अभयारण्य चांदोली उद्यानापेक्षा मोठे आहे.

खेड तालुक्यातील चोरवण्याहून नागेश्वरमार्गे वासोटा किल्ल्यावर जाणारा माणूस कोयना अभयारण्यात शिरतो आणि शृंगारपुराहून प्रचितगड चढणारा चांदोली उद्यानात. परवाना दोघांनाही लागतो. ‘अभयारण्यच तर आहे, चालते’ ही केवळ पळवाट आहे.

फरक पडतो तो आतल्या गावाला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्य करताना हद्दीतील हक्कांची चौकशी होते आणि कलम 24 नुसार एखादा हक्क पुढे चालू ठेवण्याची मुभा जिल्हाधिकाऱ्यास असते. राष्ट्रीय उद्यानाला हीच प्रक्रिया लागू करताना कलम 35 ने नेमकी ही मुभा वगळली आहे. म्हणून अभयारण्यात वाडी, शेत, पायवाट टिकू शकते. उद्यान जाहीर होण्यापूर्वी मात्र जमिनीवरील सारे हक्क सरकारकडे यावे लागतात. (2006 च्या वनहक्क कायद्याने हा प्रश्न नव्याने मांडला, पण तो स्वतंत्र विषय आहे.) गुरांचेही तसेच: अभयारण्यात चराईवर बंधने घालून ती चालू देता येते, उद्यानात गुरांना प्रवेशच नाही. अपवाद आहे तो परवानगी घेऊन आलेल्याचे वाहन असलेल्या जनावराचा, म्हणजे बसायचे घोडे चालेल, दुभती म्हैस चालणार नाही. त्यामुळे ‘राष्ट्रीय उद्यानातील पारंपरिक गावात मुक्काम’ अशी जाहिरात दिसली, तर ते गाव हद्दीच्या आत आहे की बाहेर, हे आधी विचारावे.

चांदोली 1985 मध्ये अभयारण्य झाले आणि 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान. झाडे तीच, गवेही तेच. आतल्या गावांचे मात्र बाहेर पुनर्वसन झाले. त्यांतलेच एक संगमेश्वर तालुक्यातील गोठणे. गोठण म्हणजे रानात गुरे विसाव्याला बसतात ती जागा.