किमान शिल्लक शुल्क

बचत खात्यात बँकेने ठरवलेली किमान रक्कम ठेवली नाही, तर बँक खातेदाराकडून जो दंड कापून घेते त्याला किमान शिल्लक शुल्क म्हणतात. बोलण्यात ‘मिनिमम बॅलन्सचे पैसे कटले’ असे म्हटले जाते. पासबुक भरून आणल्यावरच अनेकांना ते कळते. डिमांड ड्राफ्ट काढला किंवा लॉकर घेतला तर सेवा मिळते आणि तिचे पैसे पडतात. हे शुल्क मात्र खात्यात पैसे कमी असल्याबद्दल पडते. त्याचा भार कोणावर येणार हे व्याख्येतच ठरून गेलेले आहे, आणि भारतातील साऱ्या बँक शुल्कांत याच शुल्कावर सर्वाधिक वाद झाला तो त्यामुळेच.

किमान रक्कम सहसा महिन्याच्या सरासरीने मोजतात. काही बँका तिमाहीची सरासरी धरतात. प्रत्येक दिवसाच्या अखेरची शिल्लक घ्यायची, तिची बेरीज करायची आणि दिवसांच्या संख्येने भागायचे. अट ३,००० रुपयांची आणि महिना ३० दिवसांचा असेल, तर बेरीज ९०,००० भरावी लागते. ज्याच्या खात्यात एकाच दिवसापुरते ९०,००० रुपये राहिले आणि उरलेले २९ दिवस शून्य, तो अटीत बसतो. जी बाई महिनाभर २,९०० रुपयांना हात लावत नाही, ती बसत नाही. आठवड्याच्या मजुरीवर किंवा घरकामाच्या पगारावर चालणाऱ्या घरात पैसा आला की भाडे, वाणी आणि शाळेची फी यांत लगेच वाटला जातो. तिथे असा हिशेब कोणी तोंडी ठेवू शकत नाही. तूट पडल्याचे लक्षात येईपर्यंत महिना सरलेला असतो. शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो वेगळा.

आता याच पैशांवर मिळणारे व्याज पाहू. २०२५ च्या मध्यापासून बहुतेक मोठ्या बँका बचत खात्यावर २.५ टक्के व्याज देतात. ३,००० रुपये वर्षभर अडकवून ठेवले तर ७५ रुपये हाती येतात. मोफत मर्यादेनंतर एटीएममधून पैसे काढले तर बँक १ मे २०२५ पासून प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत आकारू शकते. जीएसटी धरून ते २७ रुपये १४ पैसे होतात. म्हणजे वर्षात तीनदा मर्यादा ओलांडली की सगळे व्याज गेले.

नियम आणि त्याची पळवाट

रिझर्व्ह बँकेचा पहिला विचार बराच मवाळ होता. एप्रिल २०१४ च्या पतधोरणात, रघुराम राजन गव्हर्नर असताना, तिने बँकांना सुचवले होते की शिल्लक कमी पडल्यास दंड लावण्याऐवजी खात्यावरील सेवा मूलभूत, म्हणजे शून्य शिल्लकीच्या, खात्याइतक्या मर्यादित कराव्यात आणि शिल्लक भरली की पूर्ववत कराव्यात. हा मार्ग न्याय्य होता. तो पुढे टिकला नाही. २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाने दंडाला मुभा राहिली आणि त्याला काही अटी जोडल्या गेल्या. त्या १ एप्रिल २०१५ पासून लागू झाल्या. शिल्लक कमी झाल्याचे खातेदाराला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचे आणि ती भरायला किमान एक महिना द्यायचा. दंड तुटीच्या प्रमाणात असावा. ५० रुपये कमी असणाऱ्याला आणि २,००० रुपये कमी असणाऱ्याला एकच रक्कम नको. केवळ या दंडामुळे खाते उणे शिल्लकीत जाता कामा नये.

ही शेवटची अट कागदावर स्पष्ट आहे, पण व्यवहारात तिला वळसा घालता येतो. खाते शून्यावर आले की बँक त्याच्याखाली उतरत नाही. न वसूल झालेले शुल्क मात्र ‘येणे’ म्हणून मांडून ठेवते आणि पुढची रक्कम जमा होताच आधी आपले येणे वळते करून घेते. खातेदाराच्या दृष्टीने खाते उणे असण्यात आणि यात फरक उरत नाही.

महाराष्ट्राला हे ऑगस्ट २०२४ मध्ये फार जवळून दिसले. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे जुलै आणि ऑगस्टचे हप्ते, मिळून ३,००० रुपये, रक्षाबंधनाच्या आधी खात्यांवर जमा झाले. कित्येक बायकांची खाती बराच काळ वापराविना पडून होती. काही बँकांनी जुनी थकलेली शुल्के आणि कर्जे या रकमेतून कापली, आणि राज्य सरकारला बँकांना कपात करू नका असे सांगावे लागले. महिन्याला १,५०० रुपयांची मदत ज्या घराला लागते, त्या घरातल्या खात्यावर किमान शिल्लक नव्हती यात नवल ते काय?

कपातीची रक्कम लहान असली तरी तिच्यामागे साखळी लागते. कर्जाच्या हप्त्यापुरते पैसे खात्यात मोजून ठेवलेले असतात. त्याच्या आदल्या दिवशी शंभरएक रुपये कटतात, आणि हप्ता परत जातो. मग बँक मंडेट (खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याची परवानगी) परत गेल्याचे शुल्क लावते, कर्ज देणारी संस्था आपले वेगळे शुल्क लावते, दोन्हींवर जीएसटी बसतो आणि कर्जदाराच्या पतनोंदीवर डाग पडतो. शंभर रुपयांच्या तुटीचे काही दिवसांत हजारावर जाणे यात अशक्य काही नाही.

स्टेट बँकेचा अनुभव

स्टेट बँकेने २०१२ मध्ये हा दंड बंद केला होता. १ एप्रिल २०१७ पासून तो पुन्हा सुरू झाला. महानगरांत ५,००० रुपये, शहरांत ३,०००, निमशहरी भागांत २,००० आणि ग्रामीण शाखांत १,००० अशी अट होती. जनधन खात्यांचा मोठा बोजा बँकेवर आहे, तो सांभाळण्यासाठी काही शुल्क लावावे लागते, असे तेव्हाच्या अध्यक्ष अरुंधती भट्टाचार्य यांनी सांगितले होते. शून्य शिल्लकीचे खाते चालवायला खर्च येतो हे खरेच आहे. पण तो खर्च सर्वांत गरिबांकडून घेता येत नाही म्हणून त्यांच्याहून एक पायरी वर असलेल्यांकडून घ्यायचा, हा उपाय पटण्यासारखा नाही.

एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत बँकेने या दंडातून सुमारे १,७७२ कोटी रुपये मिळवले. त्याच वर्षीच्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचा तिचा निव्वळ नफा सुमारे १,५८२ कोटी होता. हे आकडे बाहेर आल्यावर टीका वाढली. ऑक्टोबर २०१७ मध्ये महानगरांतील अट ३,००० वर आली होतीच. एप्रिल २०१८ पासून दंडाची कमाल रक्कम ५० रुपयांवरून १५ रुपयांवर आणण्यात आली आणि मार्च २०२० मध्ये बँकेने हा दंड सर्वच बचत खात्यांवरून उठवला.

इतर बँकांत तो चालू राहिला. छत्रपती संभाजीनगरचे भागवत कराड अर्थ राज्यमंत्री असताना ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यसभेत दिलेल्या उत्तरानुसार, सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँका यांनी २०१८ पासून किमान शिल्लकीपोटी २१,००० कोटींहून अधिक, जादा एटीएम व्यवहारांपोटी ८,००० कोटींहून अधिक आणि एसएमएसपोटी ६,००० कोटींहून अधिक रुपये वसूल केले होते. एसएमएसचे शुल्क दिसायला किरकोळ असते, पण पैसे कटल्याची सूचना ज्या संदेशाने येते त्याचेही पैसे खातेदारच भरत असतो.

शून्य शिल्लकीचे खाते

दंडापासून सुटण्याचा अधिकृत मार्ग म्हणजे मूलभूत बचत ठेव खाते, लोकांच्या भाषेत ‘झिरो बॅलन्स खाते’. रिझर्व्ह बँकेने २००५ मध्ये ‘नो फ्रिल्स’ नावाने ते आणले आणि ऑगस्ट २०१२ मध्ये आजचे रूप दिले. २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेली जनधन खातीही याच प्रकारची. हे खाते फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी असते असा समज आहे, तो चुकीचा आहे. ते कोणालाही उघडता येते. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही.

या खात्यांनाही शुल्क चुकले नाही. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आशिष दास यांनी अनेक वर्षे या विषयाचा पाठपुरावा केला आहे. महिन्यातील चार व्यवहारांनंतर स्टेट बँक अशा खात्यांवर यूपीआय आणि रुपे कार्डाच्या प्रत्येक व्यवहारामागे १७ रुपये ७० पैसे कापत होती, हे त्यांच्या अहवालांनी पुढे आणले. दहा रुपयांची कोथिंबीर यूपीआयने घेतली तरी तेवढेच. ३० ऑगस्ट २०२० रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने, १ जानेवारी २०२० पासून अशा डिजिटल व्यवहारांवर घेतलेले शुल्क परत करावे, असे बँकांना कळवले. दास यांच्या अहवालानुसार स्टेट बँकेने सुमारे ९० कोटी रुपये परत केले, तर त्याआधीच्या काळातील सुमारे १६४ कोटी खातेदारांना मिळायचे राहिले होते.

२०२५ नंतर

कॅनरा बँकेने जून २०२५ पासून हा दंड रद्द केला, आणि त्यापाठोपाठ पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनीही. खासगी क्षेत्रात वारा उलट होता. आयसीआयसीआय बँकेने ऑगस्ट २०२५ मध्ये शहरी भागातील नव्या खात्यांसाठी सरासरी ५०,००० रुपयांची अट घातली आणि गदारोळानंतर काही दिवसांतच ती १५,००० वर आणली. किमान शिल्लक किती असावी हे बँकांनीच ठरवायचे आहे, असे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी त्या वेळी सांगितले.

वापराविना निष्क्रिय झालेल्या खात्यावर किमान शिल्लकीचा दंड लावण्यास १ एप्रिल २०२४ पासून मनाई आहे. पूर्वसूचना न देता किंवा प्रमाणाबाहेर कपात झाली, तर आधी शाखेत लेखी तक्रार करून पोच घ्यावी लागते. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. नोव्हेंबर २०२१ पासून ही व्यवस्था देशभर एकत्रित झाली असून तिथे तक्रारीला पैसे पडत नाहीत.